आईच्या नावाचं कलम

कर्जत कोर्टासमोर झेरॉक्सच्या दुकानामागं माझी एक खोली आहे. तिला मी ऑफिस म्हणते. अमिरुन्निसा तिथं पहिल्यांदा आली ती उंबऱ्यातच थांबली. तिनं पंखा पाहिला, कपाट पाहिलं, मला पाहिलं, आणि बाळ कडेवर घेऊन उभ्या असलेल्या आपल्या मुलीला म्हणाली, "ही वकील? हिच्याकडं बसायला धड खुर्ची नाय."

मुलगी ओशाळली. मला मात्र बरं वाटलं. माझ्याकडं येणारे बहुतेक लोक आल्याआल्या हात जोडतात, मॅडम आता तुमचाच आधार म्हणतात, आणि बाहेर पडल्यावर दुसऱ्या वकिलाची चौकशी करतात. ही बाई निदान तोंडावर बोलत होती. मी माझी खुर्ची तिला दिली. ती बसली. आभार वगैरे मानले नाहीत. मी कुठली, हे विचारलं. मी पोशीरची आहे म्हटल्यावर "तरीच" म्हणाली. त्या 'तरीच'चा अर्थ मला अजून कळलेला नाही.

हे दोन हजार सोळा सालचं. तेव्हा ती पन्नाशीच्या उंबरठ्यावर होती. जन्म कराचीचा, आणि पंचवीसेक वर्षं कर्जतलगतच्या दहिवलीत कमालची बायको. एवढी वर्षं ती इथं दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहत होती. दरवर्षी अलिबागला जायचं, पोलिसांच्या परदेशी नागरिकांच्या शाखेत हजर व्हायचं, मुदत वाढवून आणायची. जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचं तर आधी परवानगी. नेरळ चालेल, पण त्याच्या पुढच्या वांगणीला सुरू होणारा ठाणे जिल्हा तिच्या दृष्टीनं परदेश.

तिची आई मात्र अस्सल खालापूरची. अठ्ठावन्न साली लग्न करून कराचीला गेली, कारण नात्यातला मुलगा तिथं गोदीत नोकरीला होता. ती पुन्हा कधी परतली नाही. घरात उर्दू न बोलता खालापूरचं हाय-नाय बोलत राहिली आणि मुलींना खालापूरच्या गोष्टी सांगत राहिली: तिथले आंबे, तिथली नदी, तिथली माणसं कशी देवासारखी. त्या गोष्टी ऐकून वाढलेली अमिरुन्निसा एकविसाव्या वर्षी आईच्या मावसभावाचा मुलगा कमाल याच्याशी निकाह करायला इथं आली आणि आठवड्याभरात तिच्या लक्षात आलं की आईनं सगळं वाढवून सांगितलेलं होतं. आंबे आंबट होते. नदीला कारखान्यांच्या रसायनांचा वास यायचा. आणि देवासारख्या माणसांपैकी एकाशी तिचं लग्न झालं होतं.

कर्जतमध्ये कमालचं नाव काढलं की लोक पहिल्यांदा म्हणतात, शांत माणूस. आवाज कधी चढवत नाही, कुणाशी भांडत नाही. मी एवढी वर्षं वकिली करते, माझ्याकडं येणाऱ्या बायकांमध्ये दारुड्यांच्या बायका असतात, जुगाऱ्यांच्या असतात, पण शांत माणसांच्या बायकांची संख्या कमी नसते. कमालची लाकडाची वखार होती. पुढं मुंबईचे लोक इकडं फार्महाऊस बांधायला लागले तेव्हा त्यानं दारं-खिडक्या पुरवायला सुरुवात केली. नव्या लाकडाला कसलंसं पाणी मारून, काजळी फासून, साखळदंड आपटून खाचा पाडायच्या आणि 'कोकणातल्या जुन्या घराचा दरवाजा' म्हणून विकायचा, हा त्याचा धंदा. गिऱ्हाईक त्या दरवाजावरून हात फिरवून डोळे मिटायचं. कमाल तेव्हा मान खाली घालून उभा राहायचा, जणू त्याच्या आजोबांनीच तो दरवाजा घडवला होता.

असल्या माणसाच्या हाती तिचा व्हिसा होता. दरवर्षी अलिबागला तो तिच्याबरोबर जायचा आणि साहेबांसमोर तोच बोलायचा. ती साधी हाय साहेब, तिला काय कळत नाय, असं म्हणायचा. ती कराचीच्या कॉलेजात बारावी झालेली. त्याची मजल नववीपर्यंत. ती शेजारी गप्प बसायची, कारण पहिल्याच वर्षी त्यानं तिला समजावलं होतं की तिच्या तोंडून एक शब्द वाकडा गेला तर परत पाठवतील. घरी भांडण निघालं, आणि भांडण कालवणात मीठ जास्त पडलं यावरूनही निघायचं, की तो घास चावता चावता हळू आवाजात म्हणायचा, "तुझा व्हिसा माझ्या सहीवर हाय." बस, एवढंच. पुढं बोलायची त्याला गरज पडत नसे.

मुलगी इल्मा कल्याणला दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण अवघड जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. अमिरुन्निसानं नवऱ्याला परवानगीचा अर्ज करायला सांगितलं. त्यानं केला म्हणून सांगितलं. मग अलिबागहून उत्तर आलं नाही म्हणाला, मग साहेब रजेवर आहेत म्हणाला. इल्माला ऑपरेशनला घेतलं, रक्त द्यावं लागलं, आणि आई दहिवलीत स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून राहिली. बरी झाल्यावर इल्मानं अलिबागला फोन लावला. तिथल्या कारकुनानं सांगितलं, असा कुठला अर्जच आलेला नाही. इल्मानं वडिलांना विचारलं तेव्हा कमाल म्हणाला की पावसापाण्याचं बाईमाणसानं एवढं लांब कशाला जायचं. त्यानंतर पोरीनं बाळ उचललं, आईला उचललं आणि ती माझ्याकडं आली.

आईला भारताची नागरिक करायचं आहे, असं इल्मा म्हणाली. मी विचारलं, एवढ्या वर्षांत अर्ज का केला नाही? भारतीय माणसाशी लग्न करून सात वर्षं इथं राहिलेल्या बाईला कायद्यानं अर्ज करता येतो. तर कळलं की अर्ज कधीच केलेला आहे. योगेंद्र वकिलांकडं काम दिलेलं आहे, आणि फाइल दिल्लीला आहे.

योगेंद्रसर आमच्या बारमधले ज्येष्ठ. जमिनीच्या व्यवहारात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. एकाच शेताच्या विक्रीचा साठेकरार दोन माणसांशी करून दोघांकडूनही नमस्कार घेणारा दुसरा वकील मला माहीत नाही. मी त्यांना कोर्टाच्या पायरीवर गाठलं आणि फाइलचा नंबर मागितला. ते हसले. पान लावत होते, ते लावून झाल्यावर म्हणाले, "अहो समीक्षा, फाइल कसली? कमालशेठच म्हणाले, राहू द्या. नवराच नको म्हणतो तर आपण कशाला मध्ये पडा?"

मी विचारलं, मग दिल्लीला आहे असं बाईला कोण सांगत होतं? ते म्हणाले, बायकांना काहीतरी सांगावं लागतं. आणि मला चहा प्यायला चला म्हणाले. मी गेले नाही. त्यांना त्याचं नवल वाटलं.

मग मी कमालला बोलावून घेतलं. तो वेळेवर आला. पांढराशुभ्र कुडता, अत्तर, हातात माझ्यासाठी सुक्या मेव्याचा पुडा. मी पुडा परत दिला. त्याला मी सरळ विचारलं की बायकोच्या अर्जावर नवऱ्याची कागदपत्रं लागतात, प्रतिज्ञापत्र लागतं, ते द्यायला तुमची काय अडचण आहे. आधी तो म्हणाला, तिला काय कमी केलंय मी? अन्न आहे, कपडा आहे, फ्रिज आहे. मी गप्प राहिले. माणसं गप्प वकिलासमोर जास्त बोलतात. थोड्या वेळानं तो पुढं झुकला आणि अगदी समजुतीच्या स्वरात म्हणाला, "मॅडम, सही केली तर ती माझं ऐकंल का?"

ते लाजून म्हणाला नाही आणि रागावूनही नाही. सागाचा भाव काय चाललाय, असं विचारावं तसं विचारलं. मी त्याच्याकडं पाहत राहिले. त्याला वाटलं, मला पटलं. उठताना तो पुडा पुन्हा टेबलावर ठेवून गेला. मी तो झेरॉक्सवाल्याला दिला.

हे सगळं मी अमिरुन्निसाला जसंच्या तसं सांगितलं. इल्मा रडायला लागली. अमिरुन्निसा रडली नाही. तिला धक्का बसलाय असंही दिसलं नाही. भाजीवाल्यानं तळाशी सडके टोमॅटो घातलेले निघावेत तसा तिचा चेहरा झाला. मी म्हणाले, आपण कोर्टातून त्याला भाग पाडू, वेळ लागेल पण करू. ती म्हणाली, "म्हंजी सहीसाठी त्याच्या दारात उभी राहू? एवढी वर्सं उभी हाय ती कमी पडली काय?"

मग मी तिला कायद्यातली दुसरी वाट सांगितली. ज्याची आई किंवा बाप स्वतंत्र भारताचा नागरिक होता, असा माणूस इथं राहत असेल तर त्या नात्यानंही नागरिकत्व मागू शकतो. मी तिला विचारलं, तुमची आई इथून गेली ती स्वातंत्र्यानंतरच ना? शाळेत कुठं होती?

"खालापूरला. अजून कुटं?" ती माझ्या अकलेची कीव करत म्हणाली. "अठ्ठावनला गेली. तवर हितंच."

"मग अर्ज आईच्या नात्यानं करता येईल."

तिनं विचारलं, "त्यात कमाल लागत नाय?"

"नाही."

"कुठंच नाय?"

"लग्न झालंय एवढं लिहावं लागेल. बाकी त्याचं काही काम नाही."

तेव्हा ती पहिल्यांदा हसली. चांगलं हसणं नव्हतं ते, पण मनापासून होतं. "लिवा," म्हणाली. हे कलम योगेंद्रसरांनाही माहीत होऊ शकलं असतं. पुस्तक त्यांच्या कपाटात आहे. पुस्तकापुढं त्यांच्या सत्काराचे फोटो उभे असल्यामुळं ते काढता येत नसावं.

आई इथलीच होती, हे दाखवायला शाळेचा दाखला लागणार होता. आम्ही खालापूर भागातल्या त्या शाळेत गेलो. शाळेचं नाव सांगत नाही. मुख्याध्यापकांनी आधी चहा सांगितला. मग काम ऐकलं. कराची हा शब्द आल्याबरोबर त्यांनी दाराकडं पाहिलं आणि शिपायाला हात करून चहा थांबवला. असा दाखला देता येतो का, ते वरून विचारावं लागेल, म्हणाले. वर म्हणजे कुठं, ते त्यांना सांगता आलं नाही. सत्तर वर्षांपूर्वी त्यांच्याच शाळेत पाटीवर बाराखडी गिरवणाऱ्या एका पोरीची या माणसाला भीती वाटत होती. अमिरुन्निसा बाहेर पडताना त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, आई सांगायची हितले मास्तर लई हुशार असतात, ती पण थापच निघाली. मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. त्याबरोबर मुख्याध्यापकांचं धैर्य परत आलं आणि दाखल्याची नक्कल पोस्टानं घरी आली. सोबतच्या पत्रात 'सस्नेह' लिहिलं होतं.

आईला ओळखणारं कुणी जिवंत असेल तर तेही हवं होतं. शोधता शोधता गौराबाई सापडली. ऐंशीच्या घरातली, जुन्या भातशेतीवाल्या घरातली, कानानं कमी आणि तोंडानं तिखट. तिच्या पडवीत आम्ही बसलो. मी आईचं नाव सांगितलं. म्हातारीनं अमिरुन्निसाकडं बराच वेळ निरखून पाहिलं आणि म्हणाली, नाक तेच हाय.

तिचा मुलगा धनेश आतून धावत आला. त्यानं शेत विकून गाडी घेतलेली, गाडीच्या मागच्या काचेवर देशभक्तीची ओळ लिहिलेली. तो म्हणाला, आई, पाकिस्तानच्या भानगडीत पडू नको, उद्या पोलीस आपल्या दारात येतील. म्हातारीनं त्याला हातानं माशी हाकलावी तसं हाकललं.

"ती हितलीच," ती मला म्हणाली. "हितली नसती त माज्या डोक्यात पाटी कोनी मारली? ह्यो बग." तिनं पांढरे केस बाजूला करून कपाळावरची जुनी खूण दाखवली. "लई भांडकुदळ व्हती. माजी चिंच चोरली आनि वर मलाच मारली. लिव तू. मी आंगठा देते."

धनेश पुन्हा काहीतरी बोलू लागला तेव्हा ती म्हणाली, "तुज्या बापानं शेत राकलं, तू इकलं. आता मला देश शिकवतो काय?"

परतताना गाडीत अमिरुन्निसा कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत होती. साजगावच्या कारखान्यांच्या भिंती मागं पडल्या तेव्हा म्हणाली की चिंच चोरल्याचं आईनं कधी सांगितलं नव्हतं. आणि मग पुटपुटली की म्हातारीही काही कमी नसणार.

अर्ज गेला. पुढं पोलिसांची चौकशी. हवालदार वाल्मिक दहिवलीला घरी आले, शेजाऱ्यांना विचारलं, तिला विचारलं आणि शेवटी कमालच्या आग्रहावरून ओटीवर सरबत प्यायला बसले. कमाल त्यांच्याशी काय बोलला, ते आम्हाला तेव्हा कळलं नाही. काही महिन्यांनी अलिबागच्या कलेक्टर कचेरीतून सुनावणीचं बोलावणं आलं. कमालही आला. सवयीनं. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण अलिबाग म्हटलं की आपण बोलायचं आणि बायकोनं गप्प बसायचं, ही त्याची इतक्या वर्षांची वहिवाट. तो तिच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसला.

साहेबांनी पोलिसांचा अहवाल काढला आणि वाचून दाखवला. अर्जदार महिलेच्या पतीनं असं सांगितलं आहे की बाई मनानं चांगली आहे, परंतु तिला वेळी-अवेळी कराचीहून फोन येतात, त्यात काय बोलणं होतं हे आपल्याला ठाऊक नाही, त्यामुळं आपण तिची हमी घेऊ शकत नाही.

कमालनं जमिनीकडं पाहिलं, गिऱ्हाइकासमोर पाहायचा तसंच. अमिरुन्निसानं मान वळवून त्याला नीट बघून घेतलं. मग ती साहेबांकडं वळली.

"साहेब, माझी थोरली बहीण कॅन्सरनं पडली होती. तिचे फोन होते ते. ती गेली तवा मी फोनवरच होते. जनाजा घरातनं निघाला तो मी हितं बसून कानानं ऐकला. हा बाजूच्या खोलीत घोरत होता. म्हणून ह्याला ठाऊक नाय."

मग साहेबांनी तो प्रश्न विचारला जो अशा ठिकाणी विचारायची पद्धत आहे: भारताचं नागरिकत्व तुम्हाला का हवं? या देशाबद्दल तुम्हाला काय वाटतं? मी तिला आधी पढवून ठेवलं होतं. दोन चांगली वाक्यं पाठ करून घेतली होती. तिनं त्यातलं एकही म्हटलं नाही.

"खरं सांगू? कर्जतची मच्छी शिळी. रस्ते फुटलेले. माणसं पुढं गोड, मागं वाईट. नवरा तर तुमी बघताच हाय. मला आवडावं असं हितं फार काय नाय, साहेब. पण माझी आई हितली. पोरगी हितली. नात हितली. मला हितनं कोण काढील, ही भीती घेऊन मला मरायचं नाय. तेवढं द्या."

मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं. साहेबांनी अहवालाच्या कडेला शेरा लिहिला. नंतर मी तो पाहिला. 'घरगुती वाद', एवढंच. एका बाईच्या पंचवीस वर्षांचं सरकारी मराठीत एवढंच झालं. पण त्याच शेऱ्यानं कमालचं म्हणणं बाद झालं, तेव्हा सरकारी मराठीला मी फार नावं ठेवत नाही.

येताना ती मागच्या सीटवर माझ्याशेजारी बसली. कमालला तिनं पुढं ड्रायव्हरजवळ बसायला सांगितलं. पेणला तो दरवर्षीप्रमाणं म्हणाला, चहा घेऊ या. ती ड्रायव्हरला म्हणाली, चल रं पुढं. गाडी थांबली नाही. त्या दिवसापासून ती नवऱ्याला 'वखारवाले' म्हणू लागली. घरात, पाहुण्यांसमोर, फोनवर, सगळीकडं. वखारवाले जेवायला या. वखारवाले, गॅस संपलाय. तो हसण्यावारी न्यायचा. शांत माणूस.

फाइल अलिबागहून मुंबईला गेली, मुंबईहून दिल्लीला. या वेळी खरोखरच गेली. मध्ये कोरोना आला, फाइलीही घरात बसल्या. दर दोन-तीन महिन्यांनी अमिरुन्निसा माझ्याकडं यायची, काय झालं म्हणून विचारायची, आणि काही झालं नाही म्हटलं की माझ्या खोलीतली धूळ, माझा चहा किंवा माझं न झालेलं लग्न यांपैकी एकाबद्दल काहीतरी बोलून जायची. बावीस साली पत्र आलं. कराचीचा पासपोर्ट जमा झाला, अलिबागला तिनं शपथ घेतली. शपथ घेताना तिचा आवाज दोनदा अडला. बाहेर आल्यावर म्हणाली, तिथं एसी फार थंड होता.

कमालनं मात्र ही संधी सोडली नाही. त्यानं व्यापारी मित्रांना गोळा करून एका हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. स्टेजवर मोठा बॅनर: 'श्री. कमालशेठ यांच्या अथक प्रयत्नांना यश'. बॅनरवर त्याचा मोठा फोटो, बायकोचा छोटा. प्रमुख पाहुणे योगेंद्रसर. मलाही पत्रिका होती. दुसऱ्या रांगेत जागा होती. योगेंद्रसर माईकवर म्हणाले की ही लढाई सोपी नव्हती, आम्ही वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. कमालला शाल घातली. त्यानं मान खाली घालून ती घेतली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यातल्या निम्म्यांना खरं काय ते ठाऊक होतं, आणि टाळ्या त्यांच्याच जास्त जोरात होत्या.

अमिरुन्निसा आली नव्हती. कमालनं सांगितलं, तब्येत बरी नाही. तेवढ्यात माझा फोन वाजला. मी बाहेर जाऊन घेतला.

"वकीलबाई, मी कल्याणला हाय. इल्माकडं."

"कशा गेलात?"

"ठेसनापर्यंत रिक्षा, पुढं लोकल. कोणी इचारलं नाय." मागं रस्त्याचा गोंगाट आणि नातीचं बोलणं ऐकू येत होतं. "लई घाण गाव हाय हे. गटारं उघडी. इल्मा हितं कशी राहते, अल्ला जाणे."

ती पुढं बराच वेळ कल्याणला नावं ठेवत होती. एवढ्या आनंदानं कुणी एखाद्या शहराला नावं ठेवलेली मी ऐकली नाहीत. आतून टाळ्यांचा आवाज येत होता. मी परत आत गेले नाही.

लोकांना वाटलं, आता ती नवऱ्याला सोडणार. महिनाभरानं ती परत आली आणि आपल्या स्वयंपाकघरात कामाला लागली. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, जायचं तर त्यानं जावं, मी कशाला जाऊ, भिंतींना रंग मी लावलाय. आणि झालंही तसंच. हळूहळू कमालचं अंथरूण वखारीमागच्या खोलीत गेलं. तो सांगतो की माल रात्री-अपरात्री येतो, म्हणून सोयीचं पडतं. आता मीठ कमीजास्त झालं तरी तो काही म्हणत नाही. एकदा माझ्याकडं आला होता. बायको आता नागरिक झाली, तर नवऱ्याचा म्हणून काही हक्क उरतो का, असं त्याला विचारायचं होतं. मी म्हणाले, हो, तिच्यावर प्रेम करायचा. त्याला वाटलं, मी थट्टा करते. अजूनही गावात त्याचं नाव निघालं की लोक म्हणतात, शांत माणूस, बायको मात्र जरा तिखट आहे.

चोवीसच्या विधानसभेला तिनं आयुष्यातलं पहिलं मत दिलं. मतदान करून ती थेट माझ्या घरी आली, पाणी मागितलं, पाणी कोमट आहे म्हणाली आणि पंख्याखाली बसली. मग तिनं सगळ्या उमेदवारांचा समाचार घेतला. एकाचं तोंड दगडासारखं, एकाची बायको जास्त बोलते, एकानं गेल्या निवडणुकीत दिलेला शब्द पाळला नाही, एकाला तर मराठीसुद्धा धड येत नाही.

"सगळे नालायक," ती म्हणाली. "एकपण मत द्यायच्या लायकीचा नाय."

"मग दिलं की नाही?"

"दिलं तर."

"कुणाला?"

तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, पहिल्या दिवशी न्याहाळलं होतं त्याहून जरा जास्तच तुच्छतेनं. "वकील हायस ना तू? ते सांगायचं नसतं," म्हणाली, आणि दुसरा ग्लास पुढं केला.